मोटारसायकलींच्या शर्यतींचीं जुनीं छायाचित्रें : एक साधनचिकित्सा

छायाचित्र हें स्वयंसिद्ध साधन आहे, त्यास दुसरा साक्षीदार नको, अशी एक समजूत संग्राहकांत व इतिहासाभ्यासकांत सारखीच रूढ आहे. बखरकार विसरेल, पत्रलेखक पक्षपात करील, नकलकार ओळ गाळील. पण कांचेच्या प्लेटवर पडलेला उजेड खोटें काय बोलणार, असा या समजुतीमागील युक्तिवाद असतो. आमच्या मतें हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. उजेड खोटें बोलत नाहीं हें कबूल; परंतु उजेड आपलें नांव, गांव व मिती सांगत नाहीं. तीं सांगतो तो चित्राखालीं ओळ लिहिणारा मनुष्य, आणि हा मनुष्य बखरकाराचा सख्खा भाऊ आहे.

महाराष्ट्रास या गोष्टीचा अनुभव नवा नाहीं. इब्राहिमखान नांवाच्या दुसऱ्याच गृहस्थाचें चित्र शिवछत्रपतींचें म्हणून प्रचलित होतें, आणि कै. वा. सी. बेंद्रे यांनीं १९३३ मध्यें अस्सल चित्र पुढें आणल्यावर मग लोकांचे डोळे उघडले. तेथें चितारी खोटा नव्हता, चित्रहि खोटें नव्हतें. खोटें होतें तें त्यावर चिकटलेलें नांव.

प्रस्तुत लेखाचा विषय मोटारसायकल, म्हणजे आपल्याकडे जिला फटफटी म्हणतात ती, आणि तिच्या शर्यती हा आहे. ताम्रपट व सनदा वाचणाऱ्या आमच्या वाचकांस तो उपरा वाटण्याचा संभव आहे. तथापि साधनचिकित्सेच्या दृष्टीनें या विषयाइतका सोयीचा आखाडा क्वचित् सांपडेल. ताम्रपटाच्या पाठाविषयीं संशय आला तर ताडून पाहण्यास दुसरा ताम्रपट बहुधा मिळत नाहीं. येथें मात्र छायाचित्राशेजारीं त्याच शर्यतीचे नियम, प्रवेशांची यादी, घड्याळाचे आंकडे, दुसऱ्या दिवशींचीं वृत्तपत्रें आणि कित्येकदां प्रत्यक्ष यंत्रहि उपलब्ध असतें. चित्राची उलटतपासणी करावयास एवढे साक्षीदार दुसऱ्या कोणत्या क्षेत्रांत हजर असतात?

शिवाय या तपासणीवर एक रोकडी गोष्ट अवलंबून आहे. जुनीं यंत्रें आज दुरुस्त होतात तीं बहुतांशीं छायाचित्रांवरून. टाकीचा आकार, हँडलचा वांक, नळकांडें कोणत्या बाजूस, हें सारें कारागीर चित्रावरून ठरवितो. चित्राखालील वर्ष चुकलें म्हणजे त्यावरून एक चुकीचें यंत्र सिद्ध होतें. त्या यंत्राचें पुन्हां छायाचित्र निघतें. आणि हें नवें चित्र पहिल्या ओळीस पुरावा म्हणून जोडलें जातें. हस्तलिखितांत प्रक्षेप शिरतो तो निदान कागदावर राहतो. येथील प्रक्षेप चाकांवर चालूं लागतो व लिलांवांत विकलाहि जातो.

प्रारंभ जर्मनीपासून करूं. गोटलिब डाइम्लर व विल्हेल्म मायबाख यांनीं १८८५ मध्यें कानस्टाट येथें सिद्ध केलेला राइटवागेन हा पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारसायकलींचा मूळपुरुष मानण्यांत येतो. लांकडी सांगाडा, लोखंडी धावेचीं लांकडी चाकें, तोल सांभाळण्यास बाजूंस दोन लहान चाकें, २६४ घनसेंटिमीटरचें व सुमारें अर्ध्या अश्वशक्तीचें एंजिन, आणि ताशीं सुमारें १२ किलोमीटरचा वेग, असा त्याचा थाट होता. मोटारसायकलींचा इतिहास सांगणाऱ्या पुस्तकांत त्याचें सुरेख, लखलखीत छायाचित्र आरंभींच भेटतें आणि त्याखालीं १८८५ हा आंकडा असतो. परंतु मूळ यंत्र १९०३ मध्यें कानस्टाटच्या कारखान्यास लागलेल्या आगींत भस्मसात् झालें. आज श्टुटगार्ट, म्युनिक इत्यादि ठिकाणच्या संग्रहालयांत जीं यंत्रें आहेत त्या मागाहून केलेल्या प्रतिकृति होत, आणि तीं लखलखीत छायाचित्रें या प्रतिकृतींचीं आहेत. प्रतिकृति करणें हा कांहीं अपराध नव्हे. नकलकारांनीं नकला केल्या नसत्या तर आपल्या निम्म्या पोथ्या आज नुसत्या नांवानें उरल्या असत्या. पण प्रामाणिक नकलकार शेवटीं पुष्पिकेंत आपलें नांव व शक घालतो. वस्तूची मिती निराळी व चित्राची मिती निराळी, हा भेद छायाचित्रांच्या पुस्तकांत सर्रास पुसला जातो, आणि मग विसाव्या शतकांतील वॉर्निश एकोणिसाव्या शतकाचें म्हणून मिरवतें.

आतां ज्या शर्यतीचीं छायाचित्रें सर्वांत विपुल आहेत तिच्याकडे वळूं. इंग्लंडांत १९०३ च्या कायद्यानें वाहनांस ताशीं २० मैलांची मर्यादा घातली होती, आणि शर्यतीसाठीं सार्वजनिक रस्ते बंद करण्यास तेथील कायद्याची परवानगी नव्हती. मॅन बेटास मात्र स्वतःचें विधिमंडळ आहे. त्यानें १९०४ मध्यें रस्ते बंद करण्याची मुभा देणारा कायदा केला. त्यामुळें मोटारसायकलींची टूरिस्ट ट्रॉफी ही शर्यत २८ मे १९०७ रोजीं त्या बेटावर सुरू झाली. सेंट जॉन्सहून निघून बालाक्रेन, कर्क मायकेल व पील यांवरून परत सेंट जॉन्सला येणारा, फेरीस सुमारें १५ मैल १,४३० यार्डांचा तो मार्ग होता व दहा फेऱ्या घालावयाच्या होत्या. पंचवीस स्वार निघाले. एका सिलिंडरच्या यंत्रांच्या वर्गांत चार्ली कॉलियर हा मॅचलेसवर ताशीं ३८.२१ मैलांच्या सरासरीनें पहिला आला. दोन सिलिंडरच्या वर्गांत रेम फाउलर नॉर्टनवर ३६.२२ मैलांच्या सरासरीनें पहिला आला.

या दोघांचीं छायाचित्रें प्रत्येक इतिहासग्रंथांत असतात, आणि त्यांवरून वाचक जो समज करून घेतो तो असा कीं, मॅचलेस व नॉर्टन या दोन कारखान्यांच्या एंजिनांनीं ही पहिली शर्यत जिंकली. टाकीवर तींच नांवें आहेत ना! परंतु फाउलरच्या नॉर्टनमध्यें एंजिन होतें फ्रान्सांतील प्यूजोचें, आणि कॉलियरच्या मॅचलेसमध्यें होतें जे. ए. पी. या दुसऱ्याच इंग्रजी कारखान्याचें. टाकीवरील अक्षरें ही ग्रंथाच्या मुखपृष्ठासारखीं असतात. आंतील मजकूर कोणाचा हें ठरविण्यास पानें उलटावीं लागतात. जो संग्राहक भिंग घेऊन टाकीखालीं, सिलिंडरच्या पंखांकडे व एंजिनाच्या बैठकीकडे पाहतो त्यास ही गोष्ट उमगण्याचा संभव आहे. जो नुसती ओळ वाचतो त्यास ती कधींच उमगणार नाहीं.

या शर्यतीच्या चित्रांची मिती ठरविण्यास नियमांचा उपयोग फार चांगला होतो, आणि आमच्या वाचकांस ही रीत ओळखीची वाटेल. कारण सनदेंतील एखाद्या अधिकाऱ्याच्या नांवावरून तिची मिती ठरविण्याची जी रीत तीच ही. १९०७ मध्यें यंत्रांस सायकलप्रमाणें पेडल लावण्यास मुभा होती व चढावर स्वार पाय मारीत असत. १९०८ पासून पेडलांस मनाई झाली. सबब, या शर्यतींत धांवणाऱ्या यंत्रास पेडल दिसलें तर चित्र १९०७ च्या अलीकडचें नव्हे. स्नेफेल डोंगरावरून जाणारा, सुमारें साडेसदतीस मैलांचा लांब मार्ग मोटारसायकलींच्या या शर्यतीस १९११ पासून लागू झाला. सबब डोंगरावरील उघड्या रस्त्याचें चित्र असून त्याखालीं टूरिस्ट ट्रॉफी, १९०९ असें लिहिलेलें असेल तर ओळ लिहिणारानें मार्गाचा नकाशा पाहिला नाहीं हें उघड आहे. शिरस्त्राण घालण्याची सक्ति १९१४ मध्यें झाली. गव्हर्नर्स ब्रिजचें सुप्रसिद्ध अवघड वळण मार्गांत आलें तें १९२० मध्यें. सरावाच्या वेळीं रस्ते बंद ठेवण्याची पद्धति १९२८ पासूनची आहे, आणि तिच्यामागें एक दुःखद कारण आहे: १९२७ मध्यें आर्ची बर्किन हा स्वार कर्क मायकेलजवळ सराव करीत असतां समोरून आलेल्या मासळीच्या गाडीस चुकवितांना मृत्यु पावला. त्यामुळें शर्यतीचा स्वार व रहदारीचें वाहन एकाच चित्रांत दिसले तर तें चित्र शर्यतीचें नसून सरावाचें, आणि बहुधा १९२७ किंवा त्यापूर्वींचें, असें अनुमान करण्यास जागा होते.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. नियमावरून निघणारी हद्द एकाच बाजूची असते. १९१४ नंतरच्या शर्यतींत उघड्या डोक्याचा स्वार असणार नाहीं, हें बरोबर. पण शिरस्त्राण दिसलें म्हणून चित्र १९१४ च्या पुढचेंच, हें अनुमान चूक, कारण सक्ति होण्यापूर्वीं तें घालण्यास कोणाचीहि मनाई नव्हती. तसेंच घराच्या अंगणांत काढलेल्या चित्रास शर्यतीचे नियम लागू पडत नाहींत. हौशी मिती ठरविणारे या दोन ठिकाणीं हटकून घसरतात.

१९११ ची शर्यत छायाचित्रांच्या मर्यादेचा दुसरा पाठ शिकविते. डोंगरी मार्गावरील त्या पहिल्या वर्षीं मोठ्या यंत्रांच्या शर्यतींत ऑलिव्हर गॉडफ्रे, चार्ल्स फ्रँकलिन व आर्थर मूरहाउस हे तिघे अनुक्रमें पहिले, दुसरे व तिसरे आले, आणि तिघेहि इंडियन या यंत्रावर स्वार होते. (नांवानें कोणीं भुलूं नये. हा कारखाना अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील स्प्रिंगफील्ड येथला, आणि त्याच्या नांवांतील इंडियन म्हणजे तेथील मूळ रहिवासी. आपला त्यांत कांहीं वांटा नाहीं.) वस्तुतः या तिघांत दुसरा येऊन पोंचला होता तो कॉलियर; परंतु ठरवून दिलेल्या जागेखेरीज इतरत्र पेट्रोल घेतल्यावरून त्यास बाद करण्यांत आलें. आतां कॉलियर वेगानें चालला आहे असें त्या दिवसाचें एखादें छायाचित्र कोणाच्या हातीं आलें, तर त्यावरून तो हरला कीं जिंकला, कीं जिंकतांना हरविला गेला, यांपैकीं काय कळणार? पंचांचा निर्णय प्लेटवर उमटत नाहीं. तथापि त्याच दिवसाच्या इंडियनच्या चित्रांत एक गोष्ट स्पष्ट दिसते, ती म्हणजे चाकास गति देणारी साखळी. मुख्य प्रतिस्पर्धी पट्ट्यावर अवलंबून होते. इंडियनला साखळी व दोन गतींचा गिअरबॉक्स होता, आणि डोंगराच्या चढावर याचाच उपयोग झाला. निकालाविषयीं मुकें असलेलें चित्र निकालाच्या कारणाविषयीं बोलकें असतें, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. पुढें त्याचा उपयोग होईल.

आतांपर्यंत ओळ लिहिणारा परका होता असें गृहीत धरलें. ओळ स्वतः छायाचित्रकाराची असली तर? यासंबंधीं मोटारगाड्यांच्या शर्यतींतील एक उदाहरण येथें घेणें भाग आहे, कारण त्याहून बोधक उदाहरण मोटारसायकलींत नाहीं. फ्रान्सांतील झाक-आंरी लार्तीग यानें तरुणपणीं काढलेलें धांवत्या गाडीचें एक चित्र जगभर गाजलें आहे. त्यांत गाडीचें मागचें चाक लंबवर्तुळ होऊन पुढें झुकलें आहे, तर रस्त्याकडेचे लोक व खांब उलट बाजूस कलले आहेत. हा कांहीं कलावंताचा खेळ नव्हे. त्या कॅमेऱ्याचें शटर म्हणजे फटीचा एक पडदा असे. ती फट प्लेटवरून सरकत जाई, आणि त्यामुळें चित्राचा एक भाग आधीं व दुसरा क्षणभर मागाहून उमटे. तेवढ्या अवधींत गाडी पुढें सरके, म्हणून चाक कललें. आणि कॅमेरा गाडीमागोमाग फिरविला जात होता, म्हणून उभे लोक उलट कलले. लार्तीगनें हें चित्र १९१२ च्या ग्रां प्रींतील डेलाज गाडीचें म्हणून नोंदलें, व कित्येक दशकें तें त्याच नांवानें छापलें गेलें. पुढें अभ्यासकांनीं गाडीची ठेवण व तिच्यावरील ६ हा आंकडा त्या त्या वर्षींच्या नोंदींशीं ताडून पाहिला, तेव्हां गाडी डेलाज नसून श्नायडर आहे व शर्यत १९१३ ची आहे, असें निष्पन्न झालें. चित्रकारानें स्वहस्तें केलेली नोंद, पण वर्षहि चूक व गाडीहि चूक! स्वहस्ताक्षराचा कागद म्हणजे शेवटचा शब्द, असें मानणाऱ्यांनीं हें उदाहरण हाताशीं ठेवावें.

वेगाच्या उच्चांकांचीं चित्रें हा आणखी एक निराळा वर्ग आहे. ग्लेन कर्टिस यानें २४ जानेवारी १९०७ रोजीं फ्लोरिडांतील ऑर्मंडच्या वाळवंटावर, आठ सिलिंडरांच्या स्वतः बनविलेल्या यंत्रावर, एक मैल २६.४ सेकंदांत तोडला. म्हणजे ताशीं १३६.३६ मैल. परतीच्या धांवेंत गतिदंडाचा सांधा तुटल्यामुळें दुसरी मोजणी झालीच नाहीं, आणि हा वेग अधिकृत उच्चांकांत धरला गेला नाहीं. यंत्र आज अमेरिकेंतील स्मिथसोनियन संग्रहांत आहे. यंत्रावर बसलेल्या कर्टिसचें जें चित्र सर्वत्र छापतात तें स्थिर यंत्राचें आहे, आणि त्याखालीं मात्र तो वेग ठळक अक्षरांत देतात. वाचकाच्या मनांत दोहोंची सांगड बसते व आपण १३६ मैलांचा वेग डोळ्यांनीं पाहिला असें त्यास वाटूं लागतें. आमची तक्रार चित्राविरुद्ध नाहीं. यंत्राचा अवाढव्यपणा, त्याचे उघडे सिलिंडर, स्वाराची ताठ बैठक यांची साक्ष तें चोख देतें. तक्रार आहे ती न पाहिलेली गोष्ट चित्राच्या तोंडीं घालण्याविरुद्ध.

याच्या उलट रोली फ्रीचें चित्र. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं यूटामधील बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर, पोहण्याचा लंगोट, डोक्यावर न्हाणीची टोपी व पायांत कापडी बूट एवढ्याच वेषानें हा गृहस्थ व्हिन्सेंट यंत्रावर पालथा पडला आहे, पाय मागें सरळ सुटले आहेत, आणि खालीं मिठावर ओढलेली काळी रेघ दिसते आहे. त्या दिवशीं त्यानें ताशीं १५०.३१३ मैलांचा वेग गांठला. हें चित्र गंमतीचें म्हणून लोक भिंतीवर लावतात, आणि अमेरिकन विक्षिप्तपणाचा नमुना म्हणून त्यावर हंसतात. परंतु आधींच्या धांवेंत त्याचा चामडी पोषाख वाऱ्यानें फाटला होता व वेग १५० च्या थोडा खालीं राहिला होता. म्हणून त्यानें कपडे उतरविले. म्हणजे जो विनोद वाटतो तो हिशोब होता. हें कारण चित्रांत कोठेंहि नाहीं, व असूं शकत नाहीं. मात्र तोच वेष हा चित्राच्या मितीचा अंतर्गत पुरावा आहे: चामडी पोषाख घालून केलेल्या धांवेचें तें चित्र नव्हे, हें ओळ नसली तरी सिद्ध होतें. यंत्राचें नांवहि कोणी ब्लॅक शॅडो देतो, कोणी ब्लॅक लाइटनिंग. कारखान्यानें खास तयार करून दिलेलें तें यंत्र होतें, आणि लाइटनिंग हें नांव धारण करणारी मालिका त्यावरून पुढें निघाली. मागाहून आलेलें नांव मागील वस्तूस लावण्याची ही खोड आपल्याकडील वंशावळी लिहिणारांसहि होतीच.

परंतु आमच्या मुख्य मुद्यास सर्वांत पोषक अशी शर्यत म्हणजे मॅन बेटावरील १९३५ ची, मोठ्या यंत्रांची. हवा वाईट असल्यामुळें ती एक दिवस पुढें ढकलली गेली व शनिवारीं झाली. या मार्गावर स्वार एकदम निघत नाहींत; ठराविक सेकंदांच्या अंतरानें एकामागून एक सोडले जातात, आणि प्रत्येकाचा स्वतःचा वेळ मोजून क्रम लागतो. नॉर्टनचा जिमी गथ्री हा पहिल्या क्रमांकानें निघाला. मोटो गुत्झी या इटालियन यंत्रावरील आयरिश स्वार स्टॅन्ली वुड्स हा तिसाव्या क्रमांकानें, म्हणजे साडेचौदा मिनिटें मागाहून. शेवटच्या फेरीच्या आरंभीं हिशोबानें वुड्स २६ सेकंद मागें होता. त्याच्या पथकानें पेट्रोल भरण्याची सर्व तयारी मांडून ठेवली. प्रतिपक्षास वाटलें कीं हा थांबणार, व त्यांचा माणूस निर्धास्त राहिला. वुड्स थांबलाच नाहीं. तोंपर्यंत गथ्री येऊन पोंचला होता, आणि विजेता म्हणून त्याचें अभिनंदन सुरू झालें होतें. मग वुड्स आला. त्यानें ताशीं ८६.५३ मैलांची विक्रमी फेरी घातली होती, व घड्याळांनीं सांगितलें कीं तो चार सेकंदांनीं जिंकला आहे.

त्या कांहीं मिनिटांतलें चित्र म्हणजे हंसरा गथ्री व त्याभोंवतीं हर्षभरित माणसें. असें चित्र अस्सल असणार, त्यांतील हर्ष अस्सल असणार, आणि त्याचा अर्थ सपशेल खोटा असणार. चार सेकंद कोणत्याहि प्लेटवर मावत नाहींत. धांवत्या यंत्रांचीं चित्रेंहि येथें निरुपयोगी, कारण रस्त्यावर जो पुढें दिसतो तो साडेचौदा मिनिटें आधीं निघालेला असूं शकतो. अशा शर्यतीच्या चित्राखालीं ‘आघाडीवर असलेला अमुक’ असें लिहिणें म्हणजे पालखीच्या पुढें चालणाऱ्या चोपदारास राजा म्हणण्यासारखें आहे.

आतां त्याच शर्यतीपूर्वीं शांतपणें उभ्या असलेल्या दोन यंत्रांच्या बाजूनें घेतलेल्या चित्रांची कल्पना करा. एकांत नॉर्टन : मागचें चाक सांगाड्याशीं ताठ जखडलेलें. दुसऱ्यांत गुत्झी : मागच्या चाकास स्प्रिंगांचा आधार, व ती जुळणी सांभाळणारे दांडे. खडबडीत रस्त्यावर मागचें चाक जमिनीस धरून ठेवण्याची ही युक्ति त्या वर्षीं जिंकली. पुढच्याच वर्षीं, १९३६ मध्यें, नॉर्टननें आपल्या शर्यतीच्या यंत्रांस मागील स्प्रिंगा बसविल्या. म्हणजे १९३५ च्या शर्यतीचा इतिहासांतील अर्थ निश्चल चित्रांत आहे, धांवत्या चित्रांत नाहीं.

यावरून आमचें मत असें कीं, या क्षेत्रांतील चित्रांची प्रचलित प्रतवारी उलटी आहे. संग्राहक किंमत देतो ती उडणाऱ्या धुळीस, कललेल्या स्वारास, पुलावरून हवेंत उडालेल्या चाकांस. इतिहासास अधिक उपयोगी आहेत तीं, ज्यांत कांहींच घडत नाहीं अशीं चित्रें. मॅन बेटावरील डग्लस गांवच्या काइग या छायाचित्रकार घराण्याचा संग्रह या प्रकारचा आहे. १९११ पासून १९३९ पर्यंतच्या शर्यतींतील स्वार व त्यांचीं यंत्रें यांचीं चित्रें त्यांत आहेत. स्वार यंत्रावर किंवा यंत्राशेजारीं, यंत्राची एक बाजू पूर्ण दिसेल अशा बेतानें. प्रथमदर्शनीं हीं चित्रें शाळेच्या पटाइतकीं नीरस वाटतात. परंतु एकाच तऱ्हेनें, एकाच बेटावर, वर्षानुवर्षें काढलीं गेल्यामुळें तीं एकमेकांशीं ताडतां येतात, आणि ताडतां येणें हाच साधनाचा पहिला गुण. टायर केव्हां जाड झाला, पट्टा केव्हां गेला, पुढील फोर्क केव्हां बदलला, हें एखाद्या दप्तरांतील सालवार जमाखर्चाप्रमाणें त्यांतून काढतां येतें.

अशा चित्रांचा आणखी एक उपयोग आहे, व तो यंत्रांपुरता नाहीं. निकालांच्या यादींत नांव येतें तें शर्यत पुरी करणाराचें. १९११ मध्यें व्हिक्टर सरिज हा रज यंत्रावरील स्वार ग्लेन हेलनजवळ सरावांतच मरण पावला. या मार्गावरील तो पहिला बळी. जो सरावांत गेला त्यास निकालांत जागा नसते. ज्याचें यंत्र पहिल्या फेरींत मोडलें त्यास एका शब्दापलीकडे जागा नसते. गॉडफ्रेसारख्या विजेत्यास स्मारकें मिळतात, तो १९१६ मध्यें युद्धांत विमानदळांत पडला हें लोक लिहून ठेवतात. पण पंधराव्या किंवा विसाव्या क्रमांकाच्या स्वाराचा चेहरा, त्याचा पोषाख, त्याचें घरीं दुरुस्त केलेलें यंत्र, हें सर्व त्या एका नीरस चित्रांत असतें किंवा कोठेंच नसतें.

जाहिरातींसाठीं घेतलेल्या चित्रांविषयीं थोडक्यांत लिहितों. कारखान्यांच्या सूचीपत्रांत यंत्राखालील टेकण रंगानें पुसून टाकीत, पार्श्वभूमि पांढरी करीत, व क्वचित् चाकामागें धूळहि काढीत. हें कुंचल्याचें काम भिंगाखालीं चटकन् ओळखूं येतें. उलट छापलेल्या चित्रांची गोष्ट याहून धोक्याची. कारण अक्षरें नसलीं तर डोळा फसतो. तेथें यंत्राची रचना साक्ष देते. नॉर्टनच्या शर्यतीच्या एंजिनांत माथ्यावरील कॅमशाफ्ट फिरविणारा उभा दांडा यंत्राच्या उजव्या बाजूस असतो. तो डावीकडे दिसला कीं प्लेट उलटी धरली गेली असें समजावें. एवढी एक खूण ठाऊक नसल्यामुळें डावें वळण उजवें होतें व मग तें मार्गावर कोठेंच सांपडत नाहीं.

शेवटीं संग्राहकांस उद्देशून. या चित्रांचे जुने आल्बम बाजारांत येतात तेव्हां विक्रेते ते फोडून एकेक चित्र वेगळें विकतात, कारण फोडलेल्याची किंमत जोडलेल्याहून जास्त येते. पोथीचीं सचित्र पानें काढून विकणारे दलाल आपल्या माहितीचे आहेत. हा धंदा त्याच जातीचा. आल्बमांतून चित्र निघालें कीं त्याच्या डावीउजवीकडचीं चित्रें, पानावरील हस्ताक्षर, आधींच्या व नंतरच्या शर्यतींचा क्रम, हें सर्व जातें. आणि एखाद्या अनामिक स्वाराचें नांव कळण्याचा एकमेव मार्ग बहुधा तोच असतो. पाठीवर चिकटलेला कागद सोलून काढणें, कडा कातरून चौकटींत बसविणें, जुनी पेन्सिलीची टीप पुसून त्या जागीं नवी सुवाच्य ओळ लिहिणें, हे प्रकार तर स्वच्छतेच्या नांवाखालीं रोज चालतात. जुनी टीप चुकीची असली तरी ती पुसूं नये. शेजारीं आपली टीप निराळ्या कागदावर, मिती घालून व आधार देऊन ठेवावी. लार्तीगची चुकीची नोंद शिल्लक होती म्हणूनच ती गाडी डेलाज कां मानली गेली याचा माग लागला. पाठीवर छायाचित्रकाराचा शिक्का किंवा प्लेटचा क्रमांक असल्यास त्याची नक्कल, चित्र उलटें करून, चित्राबरोबरच ठेवावी. त्या क्रमांकाच्या आगेमागें असलेल्या प्लेटा कोणा दुसऱ्याच्या पेटींत असण्याचा संभव असतो.